बसमध्ये राहिलेलं दुखणं

अश्लेषा डोलारेच्या उजव्या पोटरीत आठ आठवडे जे दुखत होतं ते तिचं दुखणं नव्हतं, ही गोष्ट मसाज सुरू केल्यावर तिसऱ्या मिनिटाला मेहरुन्निसा शिकलगार यांच्या लक्षात आली. त्यांनी अंगठा उचलला, टॉवेलला हात पुसले आणि विचारलं, "हे कुणाचं आहे?"

"काय कुणाचं?" पालथी झोपलेल्या अश्लेषाने उशीतूनच विचारलं.

"पोटरीतलं. तुझं नाहीये हे."

मेहरुन्निसा धाराशिवच्या एका क्रीडा वसतिगृहात अकरा वर्षं खेळाडूंना मसाज देत होत्या. मुली त्यांना आपा म्हणत. परकं दुखणं त्यांनी आजवर दोनदाच पाहिलं होतं. एकदा दोन जुळ्या बहिणींमध्ये अदलाबदल झाली होती, ती जेवणाच्या सुट्टीआधी मिटली. एकदा एका भालाफेकपटूच्या खांद्यात त्याच्या प्रशिक्षकाचं दुखणं निघालं, पण प्रशिक्षकाने ते मान्य केलं नाही.

अश्लेषा अठरा वर्षांची होती आणि खो-खोमध्ये पळतीची खेळाडू होती. राज्याच्या ज्युनिअर संघाची निवड चाचणी अकरा दिवसांवर आली होती. तिच्या पायाचा एक्स-रे झाला होता, सोनोग्राफी झाली होती, बर्फ, पट्टी, विश्रांती, सगळं झालं होतं. दोन डॉक्टरांनी पाय निरोगी असल्याचं लेखी दिलं होतं. पाय निरोगीच होता. त्यात दुसऱ्याचं काहीतरी होतं, एवढंच.

ही बातमी आपांनी नाईकवाडी सरांना, म्हणजे तिच्या प्रशिक्षकांना सांगितली.

"परकं म्हणजे काय?" सर म्हणाले. "तिच्या पायात आहे म्हणजे तिचंच झालं की."

"माझी किल्ली तुमच्या खिशात राहिली म्हणून माझं घर तुमचं होतं का, सर?"

सरांनी थोडा विचार केला. "मग काढून टाका."

"स्वतःचं दुखणं असलं की दाबल्यावर सरकतं. परकं असलं की जागा धरून बसतं. जायचं कुठे ते त्याला माहीत नसतं ना. मालक शोधावा लागेल."

"अकरा दिवसांत?"

"बघते," आपा म्हणाल्या. खरं तर त्यांना चाचणीपेक्षाही त्या दुखण्याबद्दलच जास्त कुतूहल वाटू लागलं होतं, आणि त्याची त्यांना थोडी लाजही वाटत होती.

पुढचे तीन दिवस त्यांनी सकाळ-संध्याकाळ ती पोटरी तपासली. दुखणं जुनं होतं, निदान वीस वर्षांचं. नव्या दुखण्याला धार असते. याच्या कडा देवळाच्या पायरीसारख्या झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. ते पळून आलेलं नव्हतं, उभं राहून आलेलं होतं. सकाळी पावणेसहाला ते जागं व्हायचं, अकराच्या सुमारास अर्धा तास बसायचं आणि दुपारी दोनला आवरतं घ्यायचं. अश्लेषाच्या सांगण्यावरून, रविवारी त्याला सुट्टी नसायची, गुरुवारी मात्र ते हूं की चूं करत नसे. आणि सर्वात विचित्र गोष्ट म्हणजे मधूनमधून ते एकदम पुढे ओढायचं, क्षणभर थांबायचं आणि मग मागे यायचं. अश्लेषा खाटेवर स्वस्थ पडलेली असतानाही हे व्हायचं.

"समुद्रावरचं असेल का?" अश्लेषाने विचारलं. "बोटीवरच्या माणसाचं?"

"बोट एवढ्या वेळा थांबत नाही," आपा म्हणाल्या आणि मग त्या स्वतःच थांबल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या तुळजापूरच्या एसटीत चढल्या. निम्मी बस रिकामी होती, पण त्या बसल्या नाहीत. डावी मांडी सीटच्या दांडीला टेकवून, सगळा भार उजव्या पायावर घेऊन त्या मधल्या वाटेत उभ्या राहिल्या.

"ताई, जागा आहे की," वाहक म्हणाला.

"माहितेय. मी तपासतेय."

"बरं," वाहक म्हणाला आणि त्याने तिकीट फाडलं. तोही तसाच उभा होता. डावी मांडी दांडीला, भार उजव्या पायावर. घाटातल्या तिसऱ्या वळणावर चालकाने ब्रेक मारला आणि आपांची उजवी पोटरी एकदम पुढे ओढली गेली, क्षणभर थांबली, मागे आली. आपांना इतका आनंद झाला की त्यांनी वाहकाचे आभार मानले. वाहकाने ते स्वीकारले.

सापडलेल्या आणि हरवलेल्या दुखण्यांची नोंद धाराशिवला एका सरकारी इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होते. तिथे येळीकर नावाचे लिपिक बसतात. ते अतिशय नीटनेटके गृहस्थ आहेत आणि समोरच्याला पाणी विचारल्याशिवाय काम सुरू करत नाहीत.

"सापडलेलं की हरवलेलं?" पाणी देऊन झाल्यावर त्यांनी विचारलं.

"सापडलेलं. उजवी पोटरी. मालक बहुधा एसटीतला वाहक. नोकरी बरीच झालेली, साप्ताहिक सुट्टी गुरुवारची."

"हरवलेल्यांचे अर्ज फार येत नाहीत हो," येळीकर म्हणाले. "लोकांचं दुखणं गेलं की लोक गप्प बसतात. वर्षभरात एकच अर्ज आलाय." त्यांनी कपाटातून एक कागद काढला. "अर्जदार सिंधू काशिनाथ फुलसुंदर, राहणार बार्शी. हरवलेली वस्तू, पतीचे दुखणे. उजवी पोटरी. दुखण्याचे वय चोवीस वर्षे. पती निवृत्त वाहक. बार्शी आमच्याकडे येत नाही, पण पती ज्या बसमधून उतरले ती पुढे धाराशिवला आली, म्हणून बाईंनी एक प्रत इथे दिली. हुशार बाई दिसतात."

तारीख पाहिली तर ती आठ आठवड्यांपूर्वीची होती. त्या दिवशी अश्लेषाचा संघ बार्शीवरून येणाऱ्या बसने स्पर्धेहून परतला होता. खिडकीशेजारी एक म्हातारा झोपला होता, बार्शीच्या स्टँडवर दचकून जागा झाला आणि घाईघाईने उतरला, हे आपांनी विचारल्यावर अश्लेषाला आठवलं. त्याची रिकामी झालेली जागा तिनेच पटकावली होती.

"परत द्यायचं तर मालकाची सही लागेल," येळीकरांनी बजावलं. "अर्जदाराची चालणार नाही."

"बायको आहे ती त्यांची."

"असू दे. दुखणं त्यांचं स्वतःचं आहे."

रविवारी आपा आणि अश्लेषा बार्शीला गेल्या. चाचणीला सहा दिवस उरले होते. सिंधूताई दारातच भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. साठीच्या आसपासची, ठसठशीत कुंकवाची बाई. काय काम आहे ते कळल्यावर त्यांनी अश्लेषाच्या तोंडाकडे न बघता आधी तिच्या पोटरीकडे बघितलं.

"हितं आहे व्हय ते," त्या म्हणाल्या. "बरं आहे ना?"

"बरं आहे," अश्लेषा म्हणाली.

"चोवीस वर्षं मी त्याला तेल लावलं, बाई. हे डूटीवरनं यायचे, बाजेवर पडायचे. मी पाय रगडायचे आणि हे बोलायचे. कोण चढलं, कुणाची कोंबडी सुटली, वैरागला कुणाच्या लेकीचं लग्न ठरलं. आता पाय बरा झाला आणि माणूस घरात न्हाई. उठले की चालायला लागत्यात. काल पानगावला. आज पांगरीला गेलेत. दुखतच न्हाई तर थांबू कशाला, म्हणत्यात." त्यांनी हातातली शेंग न फोडताच परत सुपात टाकली. "मी कुणाशी बोलू?"

काशिनाथ फुलसुंदर दुपारी चारला आले. एकसष्ट वर्षांचे, सडपातळ, चप्पल धुळीने पांढरी झालेली, पिशवीत पेरू. सहावीतली मुलं शाळा सुटल्यावर चालतात तसं ते चालत होते.

सगळं ऐकून घेतल्यावर ते बाजेवर तिच्या समोर बसले. त्यांनी सहीचा विषय काढलाच नाही.

"सकाळी उठल्या-उठल्या टाचेकडनं येतं का अजून?" त्यांनी विचारलं.

"हो! आणि मग वर चढतं."

"गुडघ्याच्या खाली दोन बोटं थांबतं."

"तिथे गाठ होते."

"गाठच ती," काशिनाथ मान डोलावत म्हणाले. "पायाखाली वीट ठेवून बघ. टाच खाली सोडायची. पाच मिनिटांत नरम पडतं. जिना उतरताना आडवं पाऊल टाकत जा, सरळ टाकलं तर चिडतं. आणि गार पाणी त्याला आवडत न्हाई."

"मी आठ आठवडे बर्फ लावतेय."

"आरारारा," काशिनाथ कळवळून म्हणाले. तिच्यासाठी की दुखण्यासाठी, ते कळलं नाही.

"पळताना मात्र फार त्रास देतं," अश्लेषा म्हणाली. "पहिली दहा पावलं सोडतच नाही. मग माझ्याबरोबर येतं."

"येतं म्हणजे?"

"म्हणजे पळतं."

काशिनाथांनी तिच्याकडे रोखून बघितलं. "पळतं? माझ्याकडं हुतं तवा कधी पळालं न्हाई."

शेवटी सहीचा विषय निघालाच. काशिनाथ म्हणाले, "पोरी, तुला पळायचंय हे खरं. पण मलाबी चालायचंय. एकतीस वर्षं मी ही सगळी गावं दारातनं बघितली. दार उघडायचं, माणसं घ्यायची, दार लावायचं. पांगरीत देवळामागं एवढी मोठी चिंच आहे, मला ठाऊकच नव्हतं. हे परत घेतलं की माझं चालणं गेलं. गेलं का न्हाई?"

"गेलं," अश्लेषा म्हणाली.

आपांनी मध्ये पडायचं टाळलं. सिंधूताई तोंड फिरवून चहाला आत गेल्या.

"मी तुम्हाला घ्या म्हणणार नाही, काका," अश्लेषा म्हणाली. खरं तर तिला 'घ्या' असंच म्हणायचं होतं. "पण तुम्ही एकदा येऊन बघा. पळतं ते."

मंगळवारी सकाळी काशिनाथ आणि सिंधूताई दोघंही बसने धाराशिवला आले. मैदानाच्या कडेला नाईकवाडी सरांनी त्यांना खुर्च्या दिल्या आणि आल्याबद्दल धन्यवाद दिले. सराव सामना सुरू झाला. अश्लेषा मैदानात उतरली आणि पहिल्याच पावलाला काशिनाथांनी आपला पाय खुर्चीखाली ओढून घेतला.

"आता धरलं," ते पुटपुटले. "अजून धरलंय. अजून. हां, सुटलं बघा."

मागे पाठलाग करणारी मुलगी हातभर अंतरावर होती. अश्लेषा खांबापर्यंत सरळ गेली, उजव्या पायावर संपूर्ण अंग तोललं, खांबाला वळसा घातला आणि बसलेल्या दोन मुलींमधून आरपार निघाली. तिचा चेहरा वेदनेने वाकडा झाला होता आणि ती अजिबात थांबत नव्हती. दोन मिनिटं पाच सेकंदांनी ती बाद झाली. सर हळहळले. ती लंगडत कडेला आली.

काशिनाथ उठून उभे राहिले होते. "वळताना काय करतं ते?"

"आधी ओरडतं," अश्लेषा धापा टाकत म्हणाली. "मग वळतं."

"माझ्याकडं चोवीस वर्षं हुतं," काशिनाथ सावकाश म्हणाले. "मी त्याला कुठंच नेलं न्हाई. बस हलायची, आम्ही दोघं जागच्या जागी." त्यांनी मैदानाकडे बघितलं. तिथे आता दुसऱ्या मुली पळत होत्या. मग ते आपांकडे वळले. "आता काढून माझ्यात घातलं तर हे शिकलेलं विसरंल का?"

"सांगता येत नाही," आपा म्हणाल्या. "मी असं कधी पाहिलेलं नाही."

"मग बघाया पायजे की," काशिनाथ म्हणाले आणि त्यांनी सदऱ्याच्या खिशातलं पेन काढलं.

त्याच दुपारी मसाजच्या खोलीत दोन खाटा शेजारी-शेजारी लावल्या. येळीकर साक्षीदार म्हणून स्वतः आले होते आणि स्टुलावर फाईल मांडीवर घेऊन बसले होते. आपांनी तिळाचं तेल कोमट केलं. अश्लेषाच्या टाचेपासून दोन्ही अंगठ्यांनी त्यांनी दुखणं वर आणायला सुरुवात केली, इंचाइंचाने. मालक जवळ आहे हे त्याला कळलं असावं, कारण पहिल्यांदाच ते जागा सोडून निघालं. गुडघ्याखाली दोन बोटांवर गाठ जमली तेव्हा आपांनी एक हात तिच्या पोटरीवर आणि दुसरा काशिनाथांच्या पोटरीवर ठेवला आणि डोळे मिटले.

"आलं का?" येळीकरांनी विचारलं.

"दारात आहे," आपा म्हणाल्या.

"मी हात लावू का?" सिंधूताई भिंतीपाशी उभ्या होत्या. "मला वळकतं ते."

आपांनी जागा दिली. सिंधूताईंनी तळहाताला तेल घेतलं आणि नवऱ्याच्या पोटरीवरून एकच हात फिरवला, वरून खाली, रोज फिरवायच्या तसा. काशिनाथांनी दात आवळले. अश्लेषाने श्वास सोडला. येळीकरांनी वेळ लिहिली, एक वाजून वीस मिनिटं.

काशिनाथ खाली पाय सोडून उभे राहिले. थोडे लंगडले. "वळकीचं आहे," ते म्हणाले. "पण जरा चुळबुळ करतंय." ते दारापर्यंत गेले, पायऱ्या आडव्या पावलांनी उतरले, आणि मग सगळ्यांच्या देखत मैदानाच्या कडेकडेने पळत सुटले. पहिल्या दहा पावलांना ते "आई गं, आई गं" म्हणत होते. अकराव्यानंतर आवाज बंद झाला. एक फेरी पुरी करून ते परत आले, घामाने निथळत आणि तोंडभर हसत.

"विसरलं न्हाई," ते म्हणाले.

नाईकवाडी सरांनी घड्याळात वेळ मोजली होती, पण ती कुणाला सांगितली नाही.

दुखणं गेल्यावर अश्लेषाचं सगळं सुरळीत झालं असं नाही. पहिले दोन दिवस ती खांबापाशी गरजेपेक्षा जास्त वळायची आणि पडायची. आठ आठवडे कुणाला तरी सोबत घेऊन वळायची सवय लागली होती, आता एकटीने वळायचं होतं. शुक्रवारी रात्री ती जेवलीही नाही. शनिवारी चाचणीत ती पहिल्या डावात तीन मिनिटं चाळीस सेकंद पळाली आणि दुसऱ्या डावात पन्नास सेकंदांत बाद झाली. निवडलेल्या पंधरा जणींच्या यादीत तिचं नाव नववं लागलं. तिने वसतिगृहातून पहिला फोन घरी केला आणि दुसरा बार्शीला.

त्यानंतरच्या सोमवारी सिंधूताई येळीकरांच्या टेबलापुढे येऊन बसल्या. येळीकरांनी पाणी विचारलं.

"आपला अर्ज निकाली निघालाय, ताई," ते म्हणाले. "हरवलेलं सापडलं, मालकाला मिळालं."

"मिळालं. ते घेऊन हे आता पळत्यात. आदी चालत जायचे ते दुपारनं यायचे, आता पळत जाऊन दहालाच घरी. आले की बाजेवर पडत्यात, मी तेल लावते, हे बोलत्यात. त्यात तक्रार न्हाई."

"मग मागणी काय आपली?"

सिंधूताईंनी पदर सारखा केला. "ती पांगरीची चिंच मी रोज ऐकते, मलाबी तिथवर पळायचंय. निम्मं दुखणं माझ्या नावावर करा."

येळीकरांनी नियमांचं पुस्तक काढलं आणि बराच वेळ पानं उलटली. दुखण्याचे तुकडे करता येत नाहीत, असं त्यात स्पष्ट होतं. दिवस वाटून घेता येतात की नाही, याबद्दल काहीच नव्हतं. "लिहिलेलं नाही म्हणजे मनाई नाही," ते शेवटी म्हणाले. "पण यजमानांचं ना-हरकत पत्र लागेल."

ते सिंधूताईंनी आणलंच होतं. काशिनाथांनी तिकिटांवर लिहायच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं की, मंगळवार आणि शनिवार सदर दुखणे पत्नीकडे राहण्यास माझी हरकत नाही, मात्र त्या दिवशी तिने ओटीवरून उडी मारू नये.

दुखणं एका पायातून दुसऱ्या पायात न्यायचं कसं, ते आपांनी सिंधूताईंना एका दुपारी शिकवलं. शिकवण्यासारखं फारसं नव्हतंच, त्यांच्या हातांना ते बहुतेक येत होतं. फक्त शेवटी हात उलटा फिरवायचा, एवढं सांगावं लागलं.

पुढच्या मंगळवारी आपा बार्शीहून धाराशिवला येणाऱ्या बसमध्ये होत्या, खिडकीशी बसलेल्या. पांगरीच्या अलीकडे चालकाने वेग कमी केला, कारण रस्त्याच्या कडेने एक बाई पळत होती. पदर कमरेला घट्ट खोचलेला, पायात नवऱ्याचे कॅनव्हासचे बूट, उजवं पाऊल पडलं की तोंड वाकडं होत होतं.

वाहकाने दार उघडलं. "मावशी, बसा की आत. जागा आहे."

"नको रं बाबा," सिंधूताई न थांबता म्हणाल्या. "हितंच जायचंय, चिंचेपतूर."

"पाय दुखतोय की तुमचा!"

"दुखतोय तर," सिंधूताई म्हणाल्या. "आज मंगळवार."

वाहकाने मान डोलावली, दार लावलं आणि दोनदा घंटी वाजवली. बस पुढे गेली. पुढच्या थांब्यावर एका म्हाताऱ्याचं बोचकं उतरवायला जरा वेळ लागला, आणि ते खाली उतरेपर्यंत सिंधूताई बसच्या पुढे निघून गेल्या होत्या.